खेळाची लय आणि माझे घड्याळ

'टेंपो' हा शब्द कांदिवलीत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. टेंपो म्हणजे मागून उघडी, सामानाने पोट फुगलेली आणि पुढच्या काचेवर कुठल्या तरी देवाचे नाव मिरवणारी गाडी. घर बदलायचे झाले की टेंपो येतो, गणपती आणायचे झाले की टेंपो येतो, आणि दोन्ही प्रसंगी तो ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिराच येतो. १९५८ साली बजाज टेंपो कंपनीने एका जर्मन कंपनीच्या सहकार्याने या नावाची तीनचाकी आपल्याकडे बनवायला घेतली. पुढे त्या कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण रस्त्यावरच्या लोकांनी गाडीचे नाव काही बदलले नाही. मूळ शब्द इटालियन, अर्थ 'काळ'. संगीतात तो लय दाखवतो. तोच शब्द आमच्या आकुर्ली रस्त्यावर उतरला आणि सर्वांत संथ वाहनाचे नाव होऊन बसला. शब्दांचेही प्रारब्ध असते म्हणतात, ते असे.

म्हणून आमची नात शाळेतून आली आणि दप्तर कोचावर फेकून म्हणाली, "सर म्हणतात, माझा टेंपो कमी आहे," तेव्हा तिच्या आजीने स्वयंपाकघरातूनच विचारले, "कसला टेंपो? सामान कुठे न्यायचे आहे?"

नात हसली नाही. एरवी आजीच्या असल्या प्रश्नांवर ती सोफ्यावर लोळून हसते. तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले. ती तेरा वर्षांची आहे आणि शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळते. दोन महिन्यांनी आंतरशालेय स्पर्धा होती. चौदा मुली निवडायच्या होत्या आणि मैदानावर येणाऱ्या होत्या बावीस. ताटात आवडीची बटाट्याची भाजी असूनही ती चिवडत बसली. मी सहज विचारले, "कमी म्हणजे किती कमी?"

"ते काय मोजायचे असते का, आजोबा?"

झाले! तिला कल्पना नव्हती की हा प्रश्न तिने कोणाला केला. 'किती कमी?' या एका प्रश्नावर मी एकतीस वर्षे पोट भरले आहे. कांदिवलीच्याच एका कारखान्यात मी टाइम स्टडीच्या खात्यात होतो. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाच्या मागे घड्याळ आणि पाटी घेऊन उभे राहायचे, त्याच्या कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते टिपायचे, आणि शेवटी 'या कामाला इतकी मिनिटे पुरेत' असा निकाल द्यायचा. कामगार आम्हाला 'घड्याळवाले' म्हणत. त्या नावात फारसे प्रेम नव्हते आणि ते असावे अशी अपेक्षाही आम्ही ठेवली नव्हती.

आमचे घड्याळही निराळे. त्यात मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग पाडलेले असत; हिशेबाला सोपे. पण घड्याळ हा या विद्येतला सोपा भाग. अवघड भाग असा, की समोरचा माणूस जे काम करतो आहे ते नेहमीच्या गतीने करतो आहे, मुद्दाम रेंगाळून करतो आहे, की साहेब पाहतो म्हणून धावून करतो आहे, हे डोळ्यांनी ठरवायचे आणि त्याला टक्के द्यायचे. त्यासाठी डोळा तयार करावा लागे. नव्या माणसाला दोन नमुने शिकवीत. सपाट जमिनीवर तासाला तीन मैल चालणे ही एक सामान्य गती. आणि बावन्न पत्ते तीस सेकंदांत चौघांना वाटणे ही दुसरी. पगार घेऊन, साहेबांच्या देखत, कामाच्या वेळात मी पत्ते वाटलेले आहेत, हे आमच्या घरात अजून कोणाला खरे वाटत नाही.

या धंद्यात एक गोष्ट मला एका म्हाताऱ्या टर्नरने शिकवली. ते कोकणातले. सगळा खाता त्यांना काका म्हणे. त्यांचे हात इतके सावकाश चालत की पाहणाऱ्याला जांभई यावी. शेजारच्या लेथवरचा तरुण त्यांच्या दुप्पट हालचाली करी. पण पाळी संपताना नग मोजले तर काकांचेच जास्त भरत. दोन दिवस टिपणे काढल्यावर मला कारण सापडले. काका कुठलीच गोष्ट दोनदा करीत नसत. हत्यार एकदा लावले की लावले, माप एकदा घेतले की घेतले. तरुणाचा हात वेगवान होता, काकांचे काम वेगवान होते. हात आणि काम या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि घड्याळ कशाला लावायचे ते आधी ठरवावे लागते. ते ठरवले नाही तर माणसावर अन्याय होतो, आणि तो आकड्यांत मांडलेला असल्यामुळे त्याला न्याय म्हणतात.

तेव्हा पुढच्या रविवारी मी टेबलाच्या तळाच्या खणातून घड्याळ काढले, चावी दिली, कानाशी धरले आणि वही घेऊन शाळेच्या मैदानावर जाऊन बसलो. सौ. म्हणाली, "निवृत्त झालात ना?" मी म्हटले, "माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही."

आता मोजायचे काय? इतर खेळांनी ही अडचण कायदा करून सोडवलेली आहे. आपल्या कबड्डीत चढाईला तीस सेकंद. बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांत टोपलीकडे फेकावा लागतो. अमेरिकेत हा नियम १९५४ साली आला. फुटबॉलमध्ये असे काही नाही. गोलकीपरवर मात्र पाळत आहे. १९९२ साली सोबत्याने पायाने दिलेला चेंडू हातात घ्यायला त्याला बंदी झाली आणि २०२५ पासून चेंडू आठ सेकंदांहून अधिक हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. बाकीच्या दहा जणांनी चेंडू पायाशी किती वेळ ठेवावा, हा त्यांचा, त्यांच्या अब्रूचा आणि प्रेक्षकांच्या ओरडण्याचा प्रश्न. म्हणूनच या खेळाची लय बाहेरून लादलेली नसते, ती आतून उमटते. आणि म्हणूनच ती मोजायला कठीण.

माझा पहिला विचार कोणाच्याही मनात येईल असा होता: कोण किती धावते ते पाहावे. व्यावसायिक खेळाडू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो. पण दहा मिनिटांतच मी हा मार्ग सोडला. एक चुणचुणीत मुलगी मैदानभर भिरभिरत होती आणि चेंडू मात्र ती पोचण्याआधी दुसरीकडे गेलेला असे. चेंडू माणसापेक्षा वेगाने जातो, त्याला धाप लागत नाही आणि पाणी प्यायला थांबावे लागत नाही. उसेन बोल्टने २००९ साली शंभर मीटर ९.५८ सेकंदांत कापले, म्हणजे सेकंदाला साडेदहा मीटरांना थोडे कमी. चांगला मारलेला लांब पास त्यालाही मागे टाकतो. तेव्हा मोजायचे तर चेंडूला मोजले पाहिजे, पायांना नव्हे.

म्हणून मिनिटाला किती पास होतात ते मोजू लागलो. तेथे दुसरी अडचण निघाली. मिनिट कोणते? पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांत चेंडू प्रत्यक्ष खेळात होता जेमतेम सोळा मिनिटे. बाकीचा वेळ तो गटारात होता, कुंपणापलीकडे होता, शेजारी चाललेल्या क्रिकेटच्या यष्टींत अडकला होता, आणि एकदा तर एका बाईंच्या भाजीच्या पिशवीवर जाऊन बसला होता. हे आमच्या मैदानाचेच दारिद्र्य आहे असे समजू नका. जगातल्या बड्या स्पर्धांतही नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू खरा खेळता असतो तो साधारण पंचावन्न ते साठ मिनिटे. २०२२ साली कतारच्या विश्वचषकात पंचांनी वाया गेलेला वेळ काटेकोर मोजून परत द्यायचे ठरवले, तेव्हा इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही डावांची मिळून जवळजवळ अर्ध्या तासाची भर पडली. म्हणजे आधी 'मेलेला' वेळ वजा केला पाहिजे. मग समोरच्या संघाकडे चेंडू असण्याचा वेळही वजा केला पाहिजे. दुसऱ्याच्या ताटातले घास आपण मोजत नाही. उरलेल्या मिनिटांना पासांची संख्या वाटून द्यायची. सामन्यांचे आकडे जमवणाऱ्या हल्लीच्या मंडळींनीही हीच व्याख्या केली आहे: चेंडू आपल्याकडे असताना मिनिटाला किती पास, तो तुमचा टेंपो.

व्याख्या सुबक आहे. पण तिसऱ्याच मिनिटाला मागच्या फळीतल्या तीन मुली आपापसांत चेंडू खेळवू लागल्या. तू मला, मी तुला, भोंडल्याच्या फेरासारखे. पास भराभर वाढले, माझा आकडा आकाशाला भिडला आणि खेळ होता तेथेच राहिला. तेव्हा नुसती संख्या उपयोगाची नाही, चेंडू गोलाच्या दिशेने सेकंदाला किती मीटर सरकला ते पाहावे असे वाटले. मग निघाले, की डोळे मिटून चेंडू लांब भिरकावणारी मुलगी या हिशेबाने पहिली येते, चेंडू पुढे कोणाला मिळो वा न मिळो.

या खड्ड्यात माझ्याआधी एक मोठा माणूस पडलेला आहे. चार्ल्स रीप हा इंग्लंडच्या हवाई दलातला हिशेबनीस. १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या मैदानावर पहिला डाव पाहून तो इतका वैतागला की दुसऱ्या डावात त्याने खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाई टिपायला सुरुवात केली. पुढे शेकडो सामने त्याने असे टिपले. १९६८ साली एका संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्याने निबंध प्रसिद्ध केला. त्याला दिसले, की सुमारे ऐंशी टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. तेव्हा चेंडू खेळवीत बसू नका, पुढे मारा! इंग्लंडातल्या कित्येकांना हा सल्ला पटला. पण त्याच्याच वहीत दुसराही आकडा होता: मुळात नव्वद टक्क्यांहून अधिक चढाया तीन पासांच्या आतच संपत होत्या. आमच्या लोकलमध्ये ज्यांचे पाकीट मारले जाते त्यांत बहुतेक जण उभे असतात. म्हणून उभे राहिल्याने पाकीट जाते असे नव्हे. सकाळच्या चर्चगेट गाडीत बहुतेक जण उभेच असतात! नव्वद टक्के चढायांतून ऐंशी टक्केच गोल येत असतील, तर लांबलेल्या मोजक्या चढायाच जास्त फळतात, असा त्याचा अर्थ होतो. रीपच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण वही भरली की सत्य सापडलेच असे नाही, हे मी कारखान्यात शिकलो होतो.

याच काळात आपल्याकडे एक शाळामास्तर हा प्रश्न वहीशिवाय सोडवीत होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. २०२४ सालच्या 'मैदान' चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. माझ्या वडिलांना ते आधीपासून ठाऊक होते. रहीमसाहेबांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला, आणि ती स्पर्धा आपल्या मुंबईत कुपरेजवर होई. वडील परळहून ट्रामने जात. ते सांगत, "अरे, ते धावताना दिसतच नसत. चेंडूच धावायचा." रहीमसाहेब हैदराबादेत अशा स्पर्धा भरवीत, की जिच्यात चेंडू पायाशी घोळवायलाच मनाई असे, आला की दे. काही स्पर्धा नुसत्या कमजोर पायाने खेळायच्या. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझाचे तीन गोल होते. भारत त्या वर्षी चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळाले. मास्तरांनी मुलांना 'जलद खेळा' असे नुसते सांगितले नाही; जलद खेळल्यावाचून गत्यंतरच उरणार नाही असा खेळ त्यांच्यापुढे मांडला.

वडिलांचे ते वाक्य आठवले आणि मी वहीचे नवे पान उघडले. आता एकच गोष्ट टिपायची: चेंडू पायाशी आल्यापासून पायापासून सुटेपर्यंतचा वेळ. तीन रविवार मी तेवढेच केले. आमच्या नातीची ओळ इतरांपेक्षा निराळी निघाली. बाकीच्या मुलींचा वेळ दोन-अडीच सेकंदांच्या आसपास घोटाळत होता. हिचे दोन ढीग पडत होते. बहुतेक वेळा चेंडू आला की सेकंदाच्या आत गेला. पण मधूनच ती चेंडूवर पाय ठेवून उभी राही. तीन सेकंद, क्वचित चार. पाहणाऱ्याला वाटे, ही झोपली. तेवढ्यात एखादी सोबतीण मोकळ्या जागेत पोचे आणि चेंडू अलगद तिच्यापुढे जाई. विलंबित ऐकत असावे आणि गवयाने एकदम दुगुन घ्यावी, तसे. एकाच लयीत शेवटपर्यंत धावणाऱ्याला आपण लयदार म्हणत नाही. लय कुठे धरायची आणि कुठे सोडायची हे ज्याला कळते त्याला म्हणतो.

मी वही घेऊन सरांकडे गेलो. सर तरुण, सभ्य, उन्हाने रापलेले. त्यांनी सगळी पाने शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "आजोबा, चेंडूवर ती संथ नाही, हे मला मान्य आहे. पण चेंडू गेल्यावर ती काय करते, ते टिपलेत का?"

ते मी टिपले नव्हते; पुढच्या रविवारी टिपले. पास दिल्यावर आमची नात जागच्या जागी उभी राहत होती. एक, दोन, तीन, चार सेकंद! रांगोळी पुरी झाल्यावर माणूस कमरेवर हात ठेवून मागे सरतो आणि आपलेच काम पाहत राहतो, तशी ती आपल्या पासाकडे पाहत होती. तेवढ्यात चेंडू हिरावला गेला तर तिच्या मागची जागा उघडी पडे. इतर मुली सेकंदा-दीड सेकंदात पुढचे पाऊल टाकीत. काका टर्नर नग खाली ठेवता ठेवता दुसऱ्या हाताने पुढचा उचलीत, त्याची मला आठवण झाली.

रात्री जेवणे झाल्यावर मी तिला हे सांगितले. आधी ती रागावली, मग गप्प झाली, आणि मग म्हणाली, "हे मला कोणी आधी का नाही सांगितले? नुसते 'टेंपो कमी, टेंपो कमी'!"

माझ्या सगळ्या मोजणीची मजुरी मला त्या वाक्यात मिळाली. 'तू संथ आहेस' हा माणसावरचा शिक्का असतो. तो पुसण्यासाठी काय करावे हे त्यात सांगितलेले नसते. 'पास दिल्यावर तू चार सेकंद उभी राहतेस' ही दुरुस्त करता येण्याजोगी गोष्ट आहे. मुलांना आपण असे केवढे शिक्के मारतो! मंद, चंचल, आळशी, हट्टी. त्यांतला एकेक शब्द फोडून 'केव्हा? कुठे? किती वेळ?' असे विचारले, तर निम्मे शिक्के सुटून पडतील. उरलेल्या निम्म्यांवर इलाज तरी करता येईल.

पण घड्याळाचा अमल कुठे संपतो तेही तिनेच दाखवले. पुढच्या रविवारी ती प्रत्येक पासानंतर अशी उसळून धावली की तिचे पासच चुकू लागले. शिवाय दर दोन मिनिटांनी माझ्याकडे नजर. घरी येताना म्हणाली, "आजोबा, तुम्ही ते घड्याळ आणू नका. मला त्याची टिकटिक ऐकू येते." पन्नास पावलांवरून ती ऐकू येणे शक्य नव्हते. पण कारखान्यातही ज्याच्या मागे मी उभा राही त्याला ती ऐकू येई. फरक इतकाच, की तेथे ऐकणाऱ्याचा हात जड होई आणि येथे मुलीचा पाय उतावीळ झाला. घड्याळ पुन्हा तळाच्या खणात गेले.

चौदांत तिचे नाव आले, अकरांत नाही. पहिल्या सामन्यात ती बाकावर होती. दुसऱ्या सामन्यात आमचा एक गोल झालेला, दहा मिनिटे उरलेली, आणि सगळ्या मुली घाबरून चेंडू मिळेल तिकडे मारताहेत, आलेला चेंडू लगेच परत येतो आहे, अशी अवस्था झाली. सरांनी तिला आत पाठवले. जाताना तिच्या कानात काहीतरी सांगितले. काय सांगितले ते मी नंतर विचारले. "म्हणाले, खेळ जरा खाली बसव."

तिने तो बसवला. चेंडूवर पाय ठेवला आणि उभी राहिली. आमच्या बाजूचे सगळे पालक ओरडू लागले, "दे! दे!" समोरच्या दोन मुली तिच्यावर धावून आल्या. माझ्याजवळ घड्याळ नव्हते. मी मांडीवर बोटाने मात्रा मोजल्या: एक, दोन, तीन. चेंडू त्या दोघींच्या मधून गेला. आणि तो जाताच ती वळून आपल्या जागेकडे धावली. अगदी लगेच नव्हे, पण चार सेकंद नक्कीच नाहीत. तो सामना आम्ही जिंकलो. पुढच्यात दोन गोलांनी हरलो आणि स्पर्धा आमच्यापुरती संपली.

आता तुम्ही म्हणाल, एवढे करून टेंपोची व्याख्या काय ठरली? मी आपली एक कामचलाऊ व्याख्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे: एका निर्णयापासून दुसऱ्या निर्णयापर्यंतचे अंतर. पाय, पास, मीटर ही त्याची बाहेरची मापे. ती जरूर घ्यावीत, पण हात मोजतो आहोत की काम, हे आधी ठरवून घ्यावे.

दिवाळीच्या सुटीत घरोघर पत्त्यांचे डाव बसतीलच. तुम्हीही एकदा घड्याळ लावून पाहा. बावन्न पत्ते, चार माणसे, तीस सेकंद. जमले तर तुमची गती सामान्य आहे असे खुशाल समजा. आमच्या सौ.ला चाळीस लागतात. पण ती वाटता वाटता समोरच्याचा चेहरा वाचीत असते आणि डाव बहुधा तीच जिंकते.